एका वेटोळ्याचे वजन

मुंबईहून परतून आता तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत निपाणीत ज्याने त्याने मला एकच विचारले, "काय मास्तर, जमलं का?" न्हाव्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना उभ्या उभ्या उत्तरे देऊन माझा घसा बसला. शिवाय उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी थोडे माझ्या बाजूला झुकते, हेही माझ्या ध्यानात आले. म्हणून आता बसून लिहितो आहे. ज्यांनी मला स्टँडवर हार घातला, त्यांना खरे काय झाले ते कळायला हवे.

गेलो कशासाठी होतो ते आधी सांगतो. वीज आणि चुंबक ही एके काळी दोन वेगळी बले समजत. पुढे कळले की ती एकाच घरातली आहेत. प्रकाशही त्यांच्याच नात्यातला निघाला. राहिले ते गुरुत्वाकर्षण. झाडाचा आंबा खाली पाडणारे आणि चंद्राला पृथ्वीभोवती फिरवणारे हे बल मात्र थोरल्या भावासारखे वेगळी चूल मांडून बसलेले. त्याला घरात आणायचा प्रयत्न भल्याभल्यांनी केला. सापेक्षतेचा सिद्धांत मांडणारे ते थोर शास्त्रज्ञ दोन-तीन वर्षांपूर्वी वारले, तेही शेवटपर्यंत याच गणिताशी झगडत होते, असे मी वर्तमानपत्रात वाचले. मी म्हटले, गणिताने होत नाही तर तराजूने करून बघू.

खरे तर मी तराजूने करून बघायला लागलो त्याला तोवर नऊ वर्षे झाली होती. आता अकरा झाली आहेत. माझा प्रयोग साधा आहे. तांब्याच्या तारेचे एक भले मोठे वेटोळे करायचे, ते सोनाराच्या काट्यावर तोलायचे. मग त्यातून अर्धा तास वीज सोडायची. तार तापते, आणि तापलेल्या वस्तूभोवतीची हवा वर चढते म्हणून तोलताना घोटाळा होतो. तो होऊ नये यासाठी वेटोळे पत्र्याच्या बंद डब्यात थंड करायचे आणि पुन्हा तोलायचे. दर वेळी वेटोळे हलके भरत होते! उन्हाळ्यात एक गुंज, पावसाळ्यात तीन गुंजा. संध्याकाळपर्यंत वजन हळूहळू पूर्ववत होई. याचा अर्थ मी असा लावला की विजेमुळे वस्तूवरची पृथ्वीची पकड सैल होते आणि मग सावकाश परत येते. पावसाळ्यात परिणाम जास्त का, तर जुलैत पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते म्हणून. यावर मी चाळीस पानी निबंध लिहिला होता.

गिरगावातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक परेरा यांना मी पत्र पाठवले. उत्तर येईल असे वाटले नव्हते. त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत उत्तर लिहिले: दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असते, शनिवारी अकरा वाजता उपकरणासह यावे, परिणाम खरा ठरला तर निबंध योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी माझी.

ते पत्र मी हेडमास्तरांना दाखवले, इथेच चुकले. गेल्या वर्षी निपाणी म्हैसूर राज्यात टाकली तेव्हापासून गावाला मान वर करायला काहीतरी हवे होते. आठ दिवसांत सगळ्या गावाला कळले की निपाणीचा एक मास्तर मुंबईत जाऊन शास्त्रज्ञांना धडा शिकवणार आहे. स्टँडवर शाळेची पोरे ओळीने उभी केली होती. हेडमास्तर बोलले, मीही बोललो, आणि जरा जास्तच बोललो. "हात हलवत परत येणार नाही," हे माझेच शब्द होते.

लालबाग

माझा मावसभाऊ बळू लालबागला एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवतो. चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्याची एक खोली. त्या खोलीत तो, सुमनवहिनी, दोन मुली, गावाकडचा एक पुतण्या आणि बुधवारपासून मी आणि माझा तराजू. निपाणीत दार उघडे दिसले की घरात कोणी आहे असे समजायचे. इथे घरात कोणी नसले तरी दार उघडेच असते, आणि शेजारीण येऊन चुलीवरचे दूध उतरवून जाते.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, तरी फराळ संपला नव्हता. मी निपाणीचा म्हटल्यावर मजल्यावरच्या प्रत्येक घरातून ताट यायला लागले. सीमेवरचा पाहुणा म्हणजे या लोकांना आपल्या हातून निसटलेला भाऊ वाटत होता. गॅलरीतल्या भिंतीवर चुन्याने हातभर अक्षरांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे लिहिले होते. त्याच्याखाली एक म्हातारे गृहस्थ विडी ओढत बसायचे. मी काय करायला आलो ते बळूने त्यांना समजावून सांगितले.

"म्हंजे सगळी बलं एक करनार तुमी?" म्हातारबुवांनी मला विचारले.

"प्रयत्न आहे."

"मग आदी जरा निपानी आमच्यात आना, मास्तर. चंद्र काय, कुटं पळून चालला न्हाय."

सगळी गॅलरी हसली, मीही हसलो. वहिनींनी चिवड्याची बशी पुढे केली. चिवडा मऊ पडला होता.

"मुंबईची हवा, भावजी," त्या ओशाळून म्हणाल्या. "डब्याचं झाकण अर्धा तास उघडं राहिलं की सादळतंच. तुमच्याकडे महिनाभर कुरकुरीत राहतो ना?"

"राहतो," मी म्हणालो, आणि दोन बशा खाल्ल्या. शास्त्रज्ञाचे लक्ष असे असते.

गुरुवारी सकाळी तराजूची पेटी उघडली. प्रवासात कोणीतरी तिच्यावर ट्रंक ठेवली असावी. काट्याची दांडी एका बाजूला वाकली होती आणि पारडे अडकत होते. परवा शनिवार! मी बळूवर उगाचच ओरडलो. पेटी बसच्या टपावर चढवणारा किंवा उतरवणारा तो नव्हता, तरी ओरडलो.

बळू शांतपणे म्हणाला, "दादा, आमच्या गिरणीत सकपाळ म्हणून हाईत. सूतखात्यात रोजचं सूत तोलायचं काम त्यांचं. सगळ्या गिरणीत नाजूक काटा त्यांच्याच हातात. युनियनचं काम बी करतात. त्यांना आणतो संध्याकाळी."

शिवराम सकपाळ पाळी सुटल्यावर आले. पन्नाशीचे, काटक, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. नमस्कार केला, खाली बसले आणि माझा काटा असा हातात घेतला की मला लगेच धीर आला. तासाभरात दांडी सरळ झाली. काटा मध्यावर येऊन थांबला तेव्हा त्यांनी त्याच्यावर हलकेच फुंकर मारली आणि तो परत मध्यावर येतो का ते पाहिले.

"बरोब्बर आहे, मास्तर. काय तोलायचंय?"

मी प्रयोग करून दाखवायचे ठरवले. बळूने खालच्या टॅक्सीवाल्याकडून बॅटरी उसनी आणली. मजल्यावरची सगळी मंडळी दाराशी जमली. वेटोळे तोलले, वीज सोडली, डब्यात थंड केले, पुन्हा तोलले. सहा गुंजा! निपाणीत ऐन पावसाळ्यातही कधी तीनच्या पुढे गेले नव्हते. मी तिथल्या तिथे कारण शोधून काढले: लालबाग समुद्रसपाटीला, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राला निपाणीपेक्षा जवळ. माझा सिद्धांत भलताच गुणी होता, त्याला काहीही खायला घातले तरी पचत असे.

बळूने टाळ्या पिटल्या. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. मी पुतण्याला जिलबी आणायला पिटाळले. या गडबडीत सकपाळ तेवढे वेटोळ्याकडे बघत बसून होते.

"मास्तर, ह्या तारेवर गुंडाळलंय ते काय?"

"सूत. दोन वेढ्यांना एकमेकांची वीज लागू नये म्हणून बाजारात तशीच तार मिळते."

"एकपदरी की दुपदरी?"

"आधी एकपदरी होती. तीन वर्षांपूर्वी ही दुपदरी घेतली. तेव्हापासून परिणाम जास्त स्पष्ट येतो."

"असं," म्हणाले ते, आणि एक वेढा बोटाने चाचपून, "कुठल्या नंबरचं सूत असेल?"

मला राग आला. विश्वाची गुपिते उलगडत असताना हा माणूस सुताच्या जाडीचा नंबर विचारत होता. मी म्हणालो, "सकपाळ, सुताचा इथे काय संबंध?"

ते जिलबी खाऊन उठले. जाताना दारात मला एकट्याला म्हणाले, "मास्तर, उद्या माझी पाळी दुपारनंतरची आहे. सकाळी परळला माझ्याकडे जेवायला या. येताना तो डबा आणा तुमचा. आमच्याकडे चालेल ना जेवायला?"

शेवटचा प्रश्न त्यांनी सहज विचारला, तरी त्याचा अर्थ मला कळला. सकपाळांनी सहकुटुंब बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती हे बळूने आधीच सांगितले होते. मी "चालेल की" म्हणालो. माझ्या गावात त्यांच्या समाजाच्या वस्तीवरून मी रोज शाळेत जातो, पण पाणी प्यायला एकदाही तिथे थांबलेलो नाही. हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

परळ

शुक्रवारी सकाळी चालतच परळला गेलो. रस्त्यात संयुक्त महाराष्ट्राची प्रभातफेरी लागली. तिच्यातल्या एकाने माझ्या हातातला डबा बघून "निधी का?" असे विचारले. मी "नाही हो, प्रयोग" म्हणालो, तर तो वेड्याकडे बघावे तसा बघत पुढे गेला.

सकपाळांची खोली बळूच्या खोलीएवढीच, पण माणसे कमी म्हणून मोठी वाटत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. सकपाळवहिनींनी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कुळथाची पिठी वाढली. आम्हा ज्वारीच्या माणसांना ती पांढरी, मऊ भाकरी पाहून हा प्रकार आजाऱ्यासाठी असावा असे वाटते. चार खाल्ल्यावर तसे वाटेनासे झाले.

"मास्तर संकोच करतायत," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"चौथी आहे ही, वहिनी," मी म्हणालो.

"मग पाचवी घ्या, म्हणजे आम्हाला खरं वाटेल."

हात धुतल्यावर सकपाळांनी फळीवरून एक छोटा हाततराजू काढला आणि पांढऱ्या सुताची एक लडी. लडी तोलली, वजन मला वाचायला लावले. मग चुलीवरचा तवा उतरवून, तो जरा निवल्यावर, त्याच्यावर ताट पालथे घातले आणि ताटावर लडी ठेवली. अर्ध्या तासाने ती माझ्या डब्यात टाकून झाकण लावले. आम्ही चहा प्यालो. लडी गार झाल्यावर त्यांनी पुन्हा तोलली.

ती हलकी भरली.

त्यांनी लडी खिडकीच्या गजाला टांगली आणि गिरणीतल्या गोष्टी सांगत बसले. घटकाभराने परत तोलली. वजन जवळजवळ पहिल्याएवढे झाले होते.

"सूत हवेतलं पाणी पितं, मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "तापलं की सोडतं, गार झालं की परत पितं. आमच्या खात्यात सूत तोलण्याआधी किती वेळ हवेत ठेवायचं, ते ठरलेलं असतं. नायतर पावसात सगळंच सूत जाडं भरतं नि मे महिन्यात सगळंच बारीक. नवीन माणूस हमखास फसतो. मीही फसलो होतो, साहेबाची बोलणी खाल्ली होती. काल सहा गुंजा आल्या नि मला धस्स झालं. म्हटलं, हे तर आमचंच दुखणं."

पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात एक. दुपदरी सुताला जास्त. समुद्राकाठी सहा. चाळीस पाने लिहून मी सूर्याला आणि पृथ्वीच्या केंद्राला कामाला लावले होते, आणि सगळा कारभार चार तोळे सुताचा होता. त्यात मी कुठला, तर निपाणीचा! माझे वडील जन्मभर तंबाखूच्या वखारीत तोलाईला होते. पोत्यात हात घालून ते सांगायचे, "आज हवा ओली आहे, वजन फुगलंय, उद्या तोला." हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी अकरा वर्षे घातला.

मनात पहिला विचार आला तो काही चांगला नव्हता. मला वाटले, प्राध्यापकांना हे कशाला कळेल? ते गिरणीत थोडेच आहेत. सहा गुंजा दाखवाव्या, शाबासकी घ्यावी आणि गावी जावे. पुढचे पुढे. हार घालणाऱ्या पोरांची रांग डोळ्यांपुढे होती.

"हे तुम्ही कोणाला बोललात?" मी विचारले.

"कुणाला नाय. बायकोलासुद्धा नाय. म्हणून तर इकडे बोलावलं तुम्हाला. काल चारचौघांत बोललो असतो तर तुमची जिलबी कडू झाली असती." ते तराजू पुसत होते. "तुमचं काम आहे, मास्तर. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, तुम्हीच ठरवा. मी तोंड उघडणार नाय."

त्यांनी असे म्हटले आणि मला रडू आले. खोटे कशाला लिहू, त्या परक्या घरात मी पंच्याहत्तर रुपये पगाराचा मास्तर मांडीवर डबा घेऊन रडलो. वहिनी पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. या माणसाने कालची संध्याकाळ मला माझी म्हणून भोगू दिली होती, आणि आज भाकरी वाढून मग खरे सांगितले होते. मुंबईत मी काय पाहिले असे कोणी विचारले तर मी हे पाहिले.

जरा वेळाने सकपाळ म्हणाले, "पण हे झालं सुताचं. विजेचं राहिलंच की."

"म्हणजे?"

"म्हणजे सूत काढून टाका ना मधून! सूत नसलेली तार घ्या. पंख्याच्या मोटारीत वार्निश चढवलेली तार भरतात, ती पाणी पीत नाय. तिचं वेटोळं करा. तरीही हलकं भरलं, तर तुमचं खरं. सगळ्या सहा गुंजा सुताच्याच कशावरून? एखादी तुमची असेल."

पदवी माझ्याकडे होती, आणि पुढचा प्रयोग त्यांना सुचला होता.

दादर

पंख्याच्या मोटारींत तार भरून देणारा सकपाळांच्या ओळखीचा एक कारागीर दादरला होता. आम्ही ट्रामने निघालो, तर अर्ध्या वाटेवर मोर्चा आडवा आला आणि ट्राम थांबली. मोर्च्यातल्या निम्म्या लोकांनी सकपाळांना हाका मारल्या. ते खाली उतरले आणि वीस पावले त्यांच्याबरोबर घोषणा देत चालले. मग मला म्हणाले, "चला, तेवढंच. आपलं आजचं काम वेगळं आहे."

पोहोचलो तेव्हा दुकानाच्या फळ्या लागलेल्या होत्या. मोर्च्यासाठी दादरने त्या दिवशी बंद पाळला होता. सकपाळांनी मागच्या बोळात जाऊन हाक मारली. कारागीर गंजीफ्रॉकवर बाहेर आला.

"आज बंद आहे, सकपाळ. दुकान उघडलं तर पोरं दगड मारतील."

"दुकान नको उघडूस. हे निपाणीचे मास्तर. उद्या अकराला पायजे त्यांना."

"निपाणीचे?" त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मग आत या. निपाणीला बंद नाही."

त्याच्या घरात, पलंगाच्या पायाला तार बांधून, आम्ही तिघांनी नवे वेटोळे भरले. माझे वेढे सैल पडायला लागले तेव्हा सकपाळांनी तार माझ्या हातातून काढून घेतली. कारागिराची आई अधूनमधून येऊन कोकमाचे सरबत देऊन जाई आणि हे पंख्यासाठी का असे विचारी. सकपाळांनी त्या दिवशी पाळीला खाडा केला, हे मला संध्याकाळी बळूकडून कळले.

गिरगाव

शनिवारी सकपाळांनी दुसरा खाडा केला. मी नको म्हणालो तर म्हणाले, "आता मधेच कसा सोडू?" धुतलेला सदरा, डोक्याला तेल. बसमध्ये दोन्ही वेटोळी त्यांच्या मांडीवर होती.

प्राध्यापक परेरा उंच, पिकल्या मिशांचे, जुन्या मुंबईतले ख्रिस्ती गृहस्थ. त्यांची बोली आमच्याहून निराळी असणार, पण आमच्याशी ते अगदी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलले. जिन्यातच ते म्हणाले, "मास्तर, तुमचा निबंध दोनदा वाचला. फार दिवसांनी झोप उडाली." आता बोललो नाही तर पुन्हा धीर होणार नाही, असे वाटून मी जिन्यातच सांगून टाकले.

"सर, तो निबंध चुकीचा आहे. वजन विजेने कमी होत नाही, सुतातलं पाणी उडतं म्हणून कमी होतं. हे मला काल या सकपाळांनी दाखवलं. ते गिरणीत सूत तोलतात."

परेरा एक पायरी वर होते. तिथेच थांबले. माझ्याकडे नव्हे, सकपाळांकडे बघायला लागले.

"तुम्ही वर या," ते म्हणाले. प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः खुर्ची ओढून सकपाळांना बसवले आणि समोर वही घेऊन विद्यार्थ्यासारखे विचारायला लागले. सूत किती वेळात पाणी धरते? दमट दिवशी किती? धुतलेल्या सुताला कमी की जास्त? सकपाळ आधी खुर्चीच्या कडेवर बसले होते. दहा मिनिटांनी नीट मागे टेकून हातवारे करून सांगू लागले. मी बाजूला उभा होतो. माझ्या अपमानाचा कार्यक्रम इतका रंगेल असे मला वाटले नव्हते.

मग परेरा माझ्याकडे वळले. "मला हे दिसलं नसतं," ते म्हणाले. "मी तुमचं गणित तपासत होतो, तारेकडे पाहिलंच नाही. मी हा निबंध पुढे पाठवणार होतो, मास्तर. दोघांचंही हसं झालं असतं."

त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे गावासाठी लिहून ठेवतो. शंभर वर्षांपूर्वी विलायतेत, विजेचे आणि चुंबकाचे नाते ज्याने उघड केले, त्याच माणसाने गुरुत्वाकर्षणाचे नाते शोधायला असेच वेटोळे घेतले होते. उंचावरून वस्तू खाली सोडल्या, काटे पाहिले, काही हाती लागले नाही. तरी नाते असणारच, हा त्याचा विश्वास गेला नाही. "आणि आता तर काम वाढलंय," परेरा हसून म्हणाले. "अणूच्या गर्भात आणखी दोन बलं सापडली आहेत. तुम्ही दोघांची समजूत घालायला निघालात, इथे चार भाऊ निघाले."

"चार?" सकपाळ म्हणाले. "मग वाटण्या अवघड आहेत."

नव्या वेटोळ्याचा प्रयोग करायला परेरांनी आपला काटा दिला. काचेच्या कपाटातला तो काटा असा नाजूक होता की वजन बोटाने धरले तर बोटाचा घामही मोजला जाई, म्हणून चिमट्याने धरायचे. मी तोलले. वीज सोडली. बंद डब्यात गार केले. पुन्हा तोलले. काटा जिथे पहिल्यांदा होता त्याच रेघेवर येऊन उभा राहिला.

पुन्हा केले. तीच रेघ. परेरांनी वजने बदलून स्वतः केले. तीच रेघ. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, घरी जेवायला यायचे निमंत्रण दिले आणि खाली कोणाला तरी भेटून येतो असे म्हणून गेले. मला एकट्याला सोडावे असे त्यांना वाटले असणार.

मला वाईट वाटले का? वाटले. पण ज्याची भीती होती ते तसे घडून गेले की एक प्रकारचे बरे वाटते, तसेही वाटत होते. मी निबंधाची पाने पिशवीत भरली, जुने वेटोळे भरले. सकपाळ मात्र कपाटासमोर वाकून उभे होते, नाक काचेला लागेल इतके जवळ. चष्मा कपाळावर सरकवलेला.

"चला, सकपाळ."

"जरा थांबा, मास्तर. हलेल."

"नाही हलणार. तीनदा केलं आपण."

"वीज कमी सोडली असेल. आणखी अर्धा तास देऊ या." ते वळले नाहीत. "माझ्यामुळं गेलं असं नको वाटतं हो. सुताच्या सहा वजा केल्या ना, एखादी उरायला पायजे. एखादी तरी."

अकरा वर्षे मी एकटा बसून त्या काट्याकडे बघत आलो. बायको कौतुकाने बघायची ती माझ्याकडे, पोरे बघायची ती बॅटरीतल्या ठिणगीकडे. काटा हलावा म्हणून श्वास धरून बघणारा दुसरा माणूस मला आजवर भेटला नव्हता. तो भेटला, आणि नेमका तोच होता ज्याने तो हलणार नाही हे मला दाखवून दिले होते. मी पिशवी खाली ठेवली.

"बरं," मी म्हणालो, "या वेळी तुम्ही तोला."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, सदऱ्याला हात पुसले आणि चिमटा उचलला. मी वीज सुरू केली.